दहावी ब ला घातलेली शपथ

…नाही हो, आधी त्या टाळ्या थांबवा. मला टाळ्यांची भीती वाटते. मागच्या खेपेला मी असाच माइकसमोर उभा राहिलो, लोकांनी अशाच टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हापासून माझ्या घराचं दार म्हणून बंद झालेलं नाही. गौरांग, तू बस आता खाली. हा गौरांग, आमच्या शेजारचा, तुमच्या माजी विद्यार्थी संघाचा सचिव. यानं काय ओळख करून दिली ऐकलंत ना? म्हणे, 'गोविंदकाकांनी सटाण्याच्या दहावी ब चा असा जिव्हाळ्याचा परिवार उभा केला की जिल्ह्यात तोड नाही.' अरे बाबा, मी काही उभं केलेलं नाही. मी आपलं बोलून गेलो. बास, एवढंच झालं, बोलून गेलो. तुम्हाला सांगतो, माणसानं एक वेळ भरल्या बाजारात भांडावं, पण पोटभर जेवण झाल्यावर माइक हातात घेऊ नये.

आणि विषय काय दिलाय मला? थांबा, मागे फळ्यावर लिहिलाय. 'वैयक्तिक नात्यांतून खरा माजी विद्यार्थी परिवार.' खरा. म्हणजे खोटाही असतो, नाही का? आणि मी तुम्हाला अगदी मनापासून सांगतो, तो खोटा फार सोयीचा असतो हो. सकाळी ग्रुपवर फुलांचं चित्र येतं, आपण उलट फुलांचं चित्र पाठवायचं. वाढदिवसाला केक येतो, तो मोबाईलमध्येच येतो, मोबाईलमध्येच कापायचा, पोटाला त्रास नाही. कुणी गेलं की दोन हात जोडलेले. उठून दार कुणाला उघडावं लागत नाही. आमचाही ग्रुप असाच होता. 'दहावी ब, सटाणा'. सुखात होता. मी त्याच्यात सुखात होतो.

मी मूळचा सटाण्याचा नाही बरं का. वडील पोस्टमास्तर, बदलीवर तिथं गेले, म्हणून मी तिथल्या शाळेत दहावी झालो. पुढं नाशिक, विम्याच्या ऑफिसात नोकरी, गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, आणि निवृत्ती. निवृत्त झालो तेव्हा उत्तरा म्हणाली… उत्तरा म्हणजे आमची सौभाग्यवती… म्हणाली, 'अहो, आयुष्यभर घरासाठी घेतलंत, आता स्वतःसाठी काहीतरी घ्या.' मी खुर्ची घेतली. साधीसुधी नाही. बटण दाबलं की पाय वर, दुसरं दाबलं की पाठ मागे. दुपारचं जेवण झालं की तिच्यात पडायचं, पेपर तोंडावर घ्यायचा, आणि चहापर्यंत जगाशी संबंध नाही. एवढीच माझी म्हातारपणाची महत्त्वाकांक्षा. काय चुकलं माझं? ती खुर्ची लक्षात ठेवा.

तर झालं काय, तीन वर्षांमागं उन्हाळ्यात आमच्या दहावी ब चा मेळावा भरला, सटाण्याला, शाळेच्याच व्हरांड्यात. जेवायला खापरावरचे मांडे आणि आमरस. आता मांडे आणि आमरस पोटात गेल्यावर माणसाच्या बुद्धीचं काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर भाषणं. एक म्हणतो अध्यक्ष निवडा. दुसरा म्हणतो आधी घटना लिहा. तिसरा म्हणतो सगळ्यांनी एका रंगाचे टी-शर्ट घालायचे, आणि रंग कुठला यावर दोन भाऊबंद, साठीच्या पुढचे, कॉलर धरायला निघाले. माझं डोकं फिरलं. उठलो, माइक घेतला, म्हटलं, 'कशाला पाहिजे अध्यक्ष? कशाला पाहिजे टी-शर्ट? एकमेकांच्या घरी जा. घरात बसा, घरातली माणसं ओळखा, हीच आपली संघटना. आणि माझ्यापुरतं सांगतो, नाशिकला आलात आणि माझ्या घरी न येता गेलात, तर माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला.'

आता मला सांगा, असं आपण म्हणतो की नाही? 'लग्नाला यायचं हं, शपथ आहे.' 'अजून अर्धी पोळी, माझी शपथ.' नाशकात दिवसाला अशा किती शपथा हवेत सोडतो आपण, कुणाला सर्दीसुद्धा होत नाही. समोरचा म्हणतो 'हो हो, येऊ की', आणि येत नाही. आपण म्हणतो 'आला नाहीत', तो म्हणतो 'जमलं नाही'. यालाच तर आपल्याकडे संबंध टिकवणं म्हणतात. मीही त्याच हिशोबानं बोलून गेलो. पण सटाण्यात काय झालं, तर सगळा व्हरांडा चिडीचूप. पुढच्या रांगेत लंकाबाई बसली होती, तिनं झटकन तोंडाला पदर लावला. 'गोविंदभाऊ, गळ्याची नको रे घालू.' मला वाटलं, भारावली बिचारी. मग टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला. स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून वर नमस्कार करणारा मी पहिलाच असेन.

ही लंकाबाई कोण, हे सांगायला पाहिजे. आमच्या वर्गात मुली मोजक्याच, पहिल्या बाकावर. त्यांच्यातली लंका म्हणजे शपथांची न्यायाधीश. कुणी कुणाला आईची शपथ घातली, ती लागू झाली की नाही, सुटली की नाही, सगळा निवाडा हिच्याकडे. मास्तरांच्या छडीला आम्ही घाबरत नव्हतो, पण लंकानं 'सुटली नाय' म्हटलं की मुलं रडायची. ती लंका आता लंकाबाई झालेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा संतोष कांद्याचा व्यापारी, सून, नातवंडं, भरलेलं घर. पण शपथांचं खातं अजून तिच्याकडेच, हे मला कुठं माहीत?

मेळावा झाला, मी घरी आलो, विसरलो. आठवडा गेला नसेल. दुपारी जेवून खुर्चीत पडलो, बटण दाबलं, पाय वर गेले, आणि बेल वाजली. दारात पुंजा. हा माझ्या बाकावरचा, आता डाळिंबाचा मोठा बागायतदार. खांद्यावर कांद्याची गोणी. तिसरा मजला. लिफ्ट आहे हो, पण तिच्यावर याचा विश्वास नाही. 'काय रे गोंद्या, बरा शे ना?' म्हटलं, 'बरा आहे. तू कसा काय?' तर म्हणतो, 'आरटीओत काम व्हतं. घाईत हाये लय. पन तुझी शपथ हाये ना, मंग काय करता.' घाईत आहे म्हणाला आणि कुठं बसला? खुर्चीत. बटण दाबलं. पाय वर गेले. 'आयला,' म्हणाला, आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागला. मी समोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मांडीवर हात ठेवून. पाहुणा झोपलाय म्हणून पंखा मोठा करायला उठलो तर डोळे न उघडता म्हणतो, 'राहू दे, बठ्ठं बरं शे.' म्हणजे सगळं बरं आहे.

मग सुरूच झालं. कुणाची कोर्टाची तारीख, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाला नुसता चष्मा बदलायचा. नाशकाला काम निघालं की काम एक तासाचं आणि माझ्याकडे तीन तासांचं. येताना रिकाम्या हातानं कुणी नाही. डाळिंबं, शेवग्याच्या शेंगा, गावठी तूप. आमच्या बाल्कनीत कांदे इतके साठले की सोसायटीच्या चेअरमननं मला जिन्यात थांबवून विचारलं, 'रिटायर झाल्यावर काही धंदा सुरू केलात का?' उत्तरा वैतागली. म्हणाली, 'अहो, तुमचा गळा सांभाळायला मी किती पोहे करायचे?' तिचंही बरोबर होतं. बोलून मी गेलो होतो, पोहे तिला करावे लागत होते.

तरी मला वाटत होतं, उत्साह आहे, दोन-चार महिन्यांत ओसरेल. ओसरलाही असता हो. पण सोमनाथनं घात केला. हा सोमनाथ आमच्यातला शिकलेला, मास्तर होता, नांदगावला स्थायिक झालेला. तो नाशकाला आला, लग्नाची काही खरेदी केली, आणि माझ्याकडे न येता परत गेला. वा रे पठ्ठ्या, म्हटलं, एक तरी शहाणा निघाला. आणि त्याच आठवड्यात मी बाथरूममध्ये घसरलो. मनगट मुरगळलं. फार काही नाही, पट्टी बांधली, झालं. पण उत्तरानं ते ग्रुपवर टाकलं. टाकावं का? दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजते, दारात सोमनाथ, हातात नारळ, डोळ्यांत पाणी. 'गोविंदा, मी विज्ञानाचा मास्तर रे. मी मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावले. पण मला माफ कर.' आणि आमच्या हॉलमध्ये, माझ्यावरून नारळ ओवाळून, जिन्यात फोडला. चेअरमन परत आला.

तुम्हाला सांगतो, त्या नारळानंतर दहावी ब मध्ये न येता जायची कुणाची छाती झाली नाही. एक जण ट्रॅव्हल्सनं मुंबईला निघालेला, त्याचा उड्डाणपुलावरून फोन, आवाज कापतोय, 'गोविंदा, नाशिकच्या हद्दीतून जातोय. खाली उतरत नाही. हे आलो यात धरायचं का?' म्हटलं, नाही धरत, जा सुखानं. पण त्याचं समाधान होईना. लंकाबाईला विचारलं गेलं. निकाल आला. 'चाकं टेकली का? मंग आला.' तो द्वारका सर्कलला उतरला, रिक्षानं माझ्याकडे आला, दारातच माझ्या गळ्याला हात लावून बघितला, उभ्यानं पाणी प्यायला आणि गेला. आयुष्यभर मी विम्याच्या ऑफिसात लोकांच्या जिवाची जोखीम मोजली. आता अख्खा वर्ग माझ्या जिवाची जोखीम घेऊन बसला होता, आणि हप्ता प्रत्येक जण स्वतः येऊन भरत होता. हे सगळं कशामुळे? बोलून गेलो म्हणून.

पण बाकीच्यांचं निदान काहीतरी काम असायचं. लंकाबाईचं काहीच काम नसायचं. दर महिन्याला सटाण्याहून बसनं यायची, लिफ्ट तिलाही नको, गुडघे धरत तीन जिने चढायची, दारात म्हणायची, 'गोविंदभाऊ, हायेस ना नीट?' आणि थेट स्वयंपाकघरात. खुर्चीकडे बघायचीसुद्धा नाही. त्या दृष्टीनं पाहुणी चांगली. मग ती आणि उत्तरा बाल्कनीत, कांद्यांच्या मधोमध, कितीतरी वेळ. काय बोलायच्या देव जाणे. हसायच्या. उत्तरा अशी हसते हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं. मग दोघी चपला घालून, 'आम्ही सोमेश्वरला जाऊन येतो, तुम्ही घरी आहातच.' घरी आहातच. हे कधी ठरलं?

आणि त्या गेल्या रे गेल्या की संतोषचा फोन. मुलगा चांगला आहे हो, वाईट अजिबात नाही, फक्त काळजीनं ओथंबलेला. 'काका, आई पोचली का? दमली का? शपथ पाळून झाली आसंल तर बसवून द्या ना गाडीत. घरी पोरं वाट बघत्यात.' मी म्हणायचो, 'आत आहे, जरा पडली आहे.' आणि ती तिकडे गोदावरीत पाय सोडून बसलेली असायची, हातात भेळेचा कागद. मी कशाला खोटं बोलायचो? मला काय पडलं होतं? पण फोन आला की तोंडातून तेच निघायचं.

एक दिवस मी जिन्यात तिला बघितलं. दोन पायऱ्या चढायची, थांबायची, गुडघा चोळायची. आणि माझ्या मनात आलं, अरेरे, काय केलं मी हे, या बाईला काही काम ना धंदा, केवळ माझ्या गळ्यापायी हे हाल. पुरे झालं. शपथ सोडवायची. आता खरं सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं, त्या दयेच्या मागे थोडी खुर्चीही होती. पण दया होती. मी त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं, 'सर्व वर्गमित्र-मैत्रिणींना कळविण्यात येते की शपथ सुटली आहे. कृपया नोंद घ्यावी.' विम्याची भाषा, काय करणार.

मग लंकाबाईचा आवाज आला, तिला लिहिता येतं पण ती बोलूनच पाठवते. 'मोबाईलवर सुटत नाय. समोरासमोर सुटती. घालनाऱ्यानं सुटली का म्हनायचं, आन ज्यांना घातली त्या समद्यांनी सुटली म्हनायचं.' झालं. शाळेतला नियम. आणि त्याचा परिणाम काय झाला असेल? त्या आठवड्यात आधी कधी आले नव्हते इतके लोक आले. 'गोविंदा, रागावला का?' 'आमचं काय चुकलं का?' 'वहिनी काय बोलल्या का?' उत्तरानं पोह्यांचं पातेलं बदललं, मोठं काढलं. शपथ सोडवायला मी बोलून गेलो, तेही अंगाशी आलं.

मग म्हटलं ठीक आहे, नियम तर नियम. कळवलं सगळ्यांना, जमवलं, उत्तराला घेऊन सटाण्याला गेलो. तोच व्हरांडा, तीच माणसं. लंकाबाईला संतोष गाडीनं घेऊन आलेला, बाजूला उभा. वत्सलाबाई आणि मालनबाई, वर्गातल्याच, लंकाबाईच्या दोन्ही बाजूंना. मी या वेळी माइक घेतला नाही. शिकलो होतो. नुसतं उभं राहून म्हटलं, 'मित्रांनो, सुटली का?' आणि तुम्हाला काय सांगू, असा आवाज उठला 'सुटली' म्हणून, की शाळेच्या छपरावरची कबुतरं उडाली. सगळ्यात मोठा आवाज पुंजाचा. वर हात झटकून म्हणतो, 'सुटलो रे देवा.'

मी म्हटलं, 'सुटलो म्हणजे?' तर म्हणतो, 'मंग काय तर. नाशकाला गेलो का आर्धा दिस तुझ्याकडंच. कामं राहून जायाची. चहा तुझ्याकडं आर्धा कप. आन ती खुर्ची, पाठ धरती माझी.' पाठ धरते. माझी खुर्ची. बाजूचे माना डोलवतायत. सोमनाथ म्हणतो, 'खरं सांगायचं तर मी नाशिकला जाणंच बंद केलं होतं. चष्मा मनमाडला केला.' म्हणजे बघा, दोन वर्षं मी इकडे अडकलो होतो आणि ते तिकडे अडकले होते, आणि दोघंही एकमेकांसाठी तोंड हसरं करून बसलो होतो. मला राग यावा की हसू यावं कळेना. खरं सांगू का, वाईट वाटलं. मी त्यांना कंटाळलो होतो हे ठीक आहे, पण त्यांनी मला कंटाळावं?

असो. सुटलो, संपलं, म्हणून मी चपला शोधायला वाकलो. तेवढ्यात संतोष पुढं आला, चेहरा खुललेला. 'बरं झालं काका. आता आईची दगदग वाचली. आता घरीच आराम करंल.' आणि मी लंकाबाईकडे बघितलं. तिनं सगळ्यांबरोबर 'सुटली' म्हटलंच नव्हतं. ओठ घट्ट मिटलेले. जमिनीकडे बघत होती. मी म्हटलं, 'लंकाबाई, तू म्हणाली नाहीस.' ती उठली, मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेली, हातपाय धुवायच्या नळापाशी, आणि हळू आवाजात म्हणाली…

मी तिचंच बोलणं तुम्हाला सांगतो. 'गोविंदभाऊ, मला घरात काय कमी नाय रे. पोरगा सोन्यासारखा. सून जागंवर ताट आनती. पन मला निघायला कारन नाय. माहेर ऱ्हायलं नाय. देवाला म्हनलं तर पोरगा म्हनतो यूट्यूबवर आरती लाव. दवाखाना म्हनलं तर डॉक्टरला घरी आनतो. तुझी शपथ हाये म्हनलं का मातर कुनाची टाप नाय. जिवाचा प्रस्न हाये ना. महिन्यातनं एक दिस मी एकटी बसमधी बसती, खिडकीशी. कुनी मला आये म्हनत नाय, आज्जे म्हनत नाय. वहिनी मला लंका म्हनती. तू ती शपथ सोडू नको रे.'

नळ गळत होता. मी तो बंद करायला गेलो, बंद होईना. मी काय बोलणार? आयुष्यात पहिल्यांदा मला बोलता आलं नाही, आणि ज्या दिवशी बोलता येत नाही त्या दिवशी माणसानं गप्प बसावं की नाही? पण संतोष समोर येऊन उभा. 'काय झालं काका? आईनं म्हनलं ना सुटली?' सगळा वर्ग आमच्याकडे बघतोय. लंकाबाई नळाकडे बघतेय. उत्तरा माझ्याकडे बघतेय, आणि तिच्या नजरेत काय होतं ते लग्न झालेल्या माणसांना सांगायला नको. आणि मी बोलून गेलो.

म्हटलं, 'नाही रे संतोष. पुरुषांची सुटली. बायकांची अशी सुटत नाही.' तो म्हणतो, 'आसं कसं?' म्हटलं, 'तसाच नियम आहे. बायकांना घातलेली गळ्याची शपथ, घालणारा आहे तोवर राहते. तुझी आई एक महिना जरी चुकली तरी…' आणि मी पट्टी काढून वर्ष झालेलं मनगट त्याच्यापुढं धरलं. विम्याच्या ऑफिसात मी इतका सफाईनं कधी खोटं बोललो नाही हो. संतोषनं मनगट बघितलं, सोमनाथकडे बघितलं. आणि सोमनाथ, विज्ञानाचा मास्तर, गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, 'हे सिद्ध झालेलं आहे.' संतोषनं हात जोडले. 'नाय काका, तुमच्या जिवाशी खेळ नको. आई येत जाईल.'

लंकाबाईनं फक्त पदर सारखा केला. पण तेवढ्यावर थांबलं असतं तर हा मेळावा कसला? मागून वत्सलाबाई म्हणते, 'माझी बी सुटली नाय.' म्हटलं, 'तुम्ही तर आत्ता मोठ्यानं म्हणालात.' तर म्हणते, 'नुस्तं ओठ हालले. मनातनं कुटं म्हनलं?' मालनबाई म्हणते, 'मी तर खोकत व्हते.' आणि त्यांच्या घरची माणसं बाजूला उभी, माझ्या गळ्याकडे बघत, चेहरे असे झालेले की आता यातून मार्ग नाही.

तेव्हापासून दर महिन्याला तिघी येतात. सटाण्याची पहिली गाडी, खिडकीच्या तीन जागा. उत्तरा आदल्या दिवसापासून खुशीत. चौघी मिळून कधी सोमेश्वर, कधी पंचवटी, कधी सिनेमा, एकदा तर बोटीत बसून आल्या आणि कपडे वाळत घालून बसल्या. आणि मी? मी घरी. कारण संतोषचा फोन कधीही येतो, आणि आता तीन घरांचे फोन येतात. 'काका, आई काय करते?' 'पडली आहे जरा.' 'अजून पडलेलीच?' 'हो, गुडघे.' मला कुठं जाता येत नाही, आजारी पडायची तर सोयच नाही, साधं शिंकलो तरी सटाण्याहून तीन मुलगे गाड्या काढतील. मरायचंसुद्धा मला आता यांच्या परवानगीनं. कारण मी गेलो की शपथ गेली, आणि शपथ गेली की ती खिडकी गेली. गेल्या महिन्यात लंकाबाई डॉक्टरकडे घेऊन गेली मला, बीपी तपासायला. डॉक्टरला म्हणते, 'यांना लय वर्सं चालवायचं हाये.'

आणि तो पुंजा. सुटला होता ना? कबुतरं उडवली होती ना? दोन महिने आला नाही. तुम्हाला सांगतो, मी जेवून खुर्चीत पडायचो, बटण दाबायचो, पाय वर जायचे, आणि झोप यायची नाही. बेलकडे कान. म्हटलं, नाशकाला येत असेल की, न येता जात असेल. खुशाल जाऊ दे. आणि एक दिवस बेल. पुंजा. गोणी. म्हटलं, 'आता कशाला? शपथ तर सुटली.' तर म्हणतो, 'म्हनूनच आलो. आता कुनाची जबरदस्ती नाय. चहा पुरा कप दे.' आणि खुर्चीत. पाठ धरते म्हणाला होता त्याच खुर्चीत. आता शपथ नाही म्हणून सोडवायचीही सोय नाही. या माणसाला मी आता कुठल्या नियमानं थांबवू, सांगा मला.

तर हा तुमचा खरा परिवार. गौरांग, झालं का मार्गदर्शन? एक मिनिट… हा फोन… बघा, संतोषच. 'हं, बोल रे. हो, आहे ना. इथंच आहे. नाही, आवाज कसला, टीव्ही लावलाय. जेवली, आता पडली आहे जरा. हो, गुडघे. ठेव.'

आज महिन्याचा तो दिवस आहे, तरी गौरांगनं मला घरातून ओढून आणलं. चौघी कुठं आहेत मलाही माहीत नाही. आता मी हे सगळं तुमच्याजवळ विश्वासानं बोललो. बोलायला नको होतं. तुमच्यात सटाण्याचं कुणी नाही ना? नाही ना? …ते मागे, खांबापाशी, निळा शर्ट. तुम्ही हात वर केलात का? कुणाचे तुम्ही? …संतोषचे साडू.

बसा. बसा हो, उठू नका. दार लाव रे गौरांग. हे बघा साडू, आणि तुम्ही बाकीचेही ऐका. माझं काही नाही, पण त्या बाईची खिडकी जाईल. पोटात ठेवा. आणि कधी अगदीच राहवलं नाही, कुणाजवळ तरी बोलावंसं वाटलं, तर दुसरीकडे कुठं जायचं नाही, आधी माझ्याकडे यायचं. घरी या, बसा, चहा घ्या, माझ्याजवळ बोला. माझ्याकडे न येता परस्पर कुठं बोललात, तर माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला सगळ्यांना…

बघा. गेलो बोलून.

आता काय. गंगापूर रोड, तिसरा मजला, पत्ता गौरांगकडे आहे. फक्त येताना बसायला काहीतरी आणा. खुर्ची एकच आहे, आणि तिच्यात पुंजा झोपलाय.